फेरीचा पत्ता

नगरपालिकेच्या वाहन विभागाचा खर्च तपासायला आम्हाला तीन दिवस मिळाले होते. इंधनाची बिलं, टायरची खरेदी, फिरतं शौचालय, दोन रुग्णवाहिका. खिडकीजवळचं टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

"तुमचे वडील तपासणीला यायचे तेव्हा आम्हाला आदल्या दिवसापासून जुलाब लागायचे," मोठे बाबू म्हणाले. "तुम्ही निदान चहा तरी घेता."

वडीलही माझ्यासारखेच लेखापरीक्षण खात्यात होते. तपासलेल्या नोंदीवर ते हिरव्या पेन्सिलीने खूण करत. वर आकडा, खाली बारीक ठिपका. ठिपका म्हणजे फक्त बेरीज नाही, कागदामागची गोष्टही पाहिली. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

खरं तर हे काम मी नाकारायला हवं होतं. ते गेले त्या सकाळी सव्वादहाला मी याच नगरपालिकेच्या रुग्णवाहिकेला फोन केला होता. ती आलीच नाही. दहा पंचावन्नला वडील माझ्या मांडीवर गेले. ती चाळीस मिनिटं गाडी कुठे होती, एवढंच मला हवं होतं. कुणीतरी कामचुकारपणा केला असेल, तर त्याचं नाव मला हवं होतं.

लॉगबुकात त्या तारखेला फेरी होती. निघण्याची वेळ दहा अठरा. किलोमीटर आणि डिझेल जुळत होतं. पत्ता आमचाच होता. जुना.

सोळा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा पत्ता. घाबरून मीच तो सांगितला होता. दुसऱ्या कुणाला तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

मी पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवताना टेबल हललं.

ती इमारत रस्तारुंदीत पाडली गेली होती. पाडकामाचं बिल वडिलांनीच तपासलं होतं. म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर जाऊन परत आली असणार. पण लॉगबुकात 'रुग्ण घेतला' असं लिहिलं होतं. मी पावतीपुस्तक मागवलं. भाड्याच्या पावतीवर पैसे भरणाऱ्याची सही होती. वडिलांची. सहीनंतर कुणी काही वाढवू नये म्हणून ते मारत ती छोटी उभी रेघही होती.

मी चालकाला बोलावलं. कंत्राटी, नवा माणूस. चपला दाराबाहेर काढून आला.

"ही फेरी आठवते?"

"आठवते ना, मॅडम. आजोबा होते. पांढरा सदरा."

गेले तेव्हा वडिलांच्या अंगावर तोच होता.

"तिथे इमारत नाही."

"नाहीच. दुभाजकापाशी उभे होते. एकटेच. मी म्हटलं, आजोबा, पेशंट कुठंय? तर हसले. म्हणाले, मुलगी घाबरलीय, तिला ओरडू नका."

मोठे बाबू फाईल बांधत होते. त्यांचे हात थांबले.

"मग हॉस्पिटलला नेलंत?"

"नको म्हणाले. नव्या घरी सोडा म्हणाले. फाटकाशी उतरवलं."

"किती वाजता?"

"लिहिलंय की."

लिहिलेलं होतं. दहा पंचावन्न.

बाहेर कुणीतरी घरपट्टीच्या रांगेवरून भांडत होतं.

"भला माणूस," चालक म्हणाला. "दोन फेऱ्यांचं भाडं दिलं. मी म्हटलं, एकाच फेरीचं झालंय. म्हणाले, पुढच्या फेरीचं आताच भरून ठेवतो, तेव्हा तिची धावपळ नको."

"कुणाची?"

त्याने मोठ्या बाबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पावती आहे ना, मॅडम. पुढच्या पानावर."

मी पान उलटलं.

'रुग्णाचं नाव' या रकान्यात माझं नाव होतं.

तारीख घातलेली नव्हती.

पत्ता जुनाच होता. त्या पत्त्यासमोर हिरव्या पेन्सिलीची खूण होती, आणि तिच्याखाली ठिपका.