लिंबोणीच्या पानावरचा नाग

"शनिवारी लिंबोणी तोडायची," अप्पांनी जाहीर केलं आणि कावेरीच्या सुट्टीचा तिथंच चुराडा झाला.

ती लिंबोणी कावेरीनं लावलेली, धुण्याभांड्याच्या पाण्यावर जगवलेली. तिच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, आष्टीच्या बाजारात किराणा दुकान. दर शनिवारी दुकानावर लिंबू-मिरची लटकायची, ती याच झाडाची. आजूबाजूचे दुकानदारही इथूनच लिंबं न्यायचे. साऱ्या बाजाराची दृष्ट काढणाऱ्या या झाडालाच आता करणी झाली होती. कोवळ्या पानांवर वळणावळणाचे चंदेरी नाग उमटले होते आणि प्रत्येक नागाला मधोमध काळा कणा होता. उत्तरेश्वरबुवांनी एक पान पाहून डोळे मिटले, झाड तोडायला सांगितलं आणि करणारी बाई शेजारचीच, असंही पुटपुटले. शेजारी राहायच्या छबुबाई. अप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

छबुबाईंचा नातू सुरज कावेरीच्याच वर्गात होता. "आजीला मोबाईल लावता येत न्हाई," तो म्हणाला, "ती करणी कुठून लावंल?"

तपास सुरू झाला. सुट्टीला बीडहून आलेला कावेरीचा चुलतभाऊ वीरेश क्लासला जात असल्यामुळे त्यानं प्रमुखपद आपणहून स्वीकारलं. सुरजनं मात्र पान उन्हात धरलं. नाग शेपटीकडं केसासारखा बारीक होता, तोंडाकडं रुंद. आणि तोंडाशी, पानाच्या पापुद्र्याखाली, एक इवलीशी पिवळसर अळी चरत होती. खाऊन ती वाढत होती, म्हणून वाटही रुंदावत होती. मागं उरलेला काळा कणा म्हणजे काय, हे कळल्यावर तिघंही हसून लोळले. ती अळीची शी होती.

काही पानांच्या कडा दुमडलेल्या होत्या. त्यांत अळ्या कोष करून निजल्या होत्या. कावेरीनं तशा डहाळ्या पाण्याच्या बाटलीत खोचून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या आणि वर फडकं बांधलं. शनिवारच्या आत बरणीत एक पतंग बसलेला दिसला. तांदळाच्या दाण्याहून लहान, रुपेरी, पंखांच्या टोकाला काळा ठिपका.

पण बुवांपुढं पोरांची बरणी कोण बघणार? कावेरीनं सुरजला बुवांच्या गल्लीत पिटाळलं.

शनिवारी कुऱ्हाडवाला आला, बुवाही आले. कावेरीनं अदबीनं एक पान पुढं केलं. "बुवा, ह्या झाडावर कुणी केलंय?"

बुवांनी डोळे मिटले. "लई जुनी करणी. घरधन्याचंच पाप फळलंय. आजच तोडा."

"चला मग," सुरज कुऱ्हाडवाल्याला म्हणाला, "हे पान बुवांच्या दारातल्या लिंबोणीचं हाय."

बुवांना एकाएकी महत्त्वाचं काम आठवलं.

अप्पांनी चष्मा लावून बरणीत बराच वेळ पाहिलं. कावेरीनं अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं सांगितलं. "आन् हा कणा?" अप्पांनी विचारलं. तिनं तेही सांगितलं. अप्पांनी कुऱ्हाडवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि छबुबाईंच्या दारात जाऊन हात जोडले.

"लेकरायनं माझं नाव धुऊन काढलं," छबुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमी आता आत या. आन् येताना साखर आणा. तुमी बोलत नव्हता, तर मागू कुणाला?"

दुकानावर लिंबू-मिरची अजूनही लटकते. अप्पा इतकेही बदललेले नाहीत. पण गल्ल्याजवळ आता नाग उमटलेलं एक पान असतं. येईल त्या गिऱ्हाईकासमोर अप्पा ते उजेडात धरतात. "नाग न्हाई, शी हाय. आमच्या कावेरीनं शोधलं." हे ते इतक्या अभिमानानं सांगतात, की डाळ-तांदूळ न्यायला आलेल्या माणसाला आधी अभिनंदन करावं लागतं.