आगळाचा घोट

“गावडेकाका, यंत्राच्या लेखी तुम्ही मेलात,” डॉ. रुबिना बारगीर मनगटावरच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

“मग भूक कशी लागते गं?” पुंडलिक गावडे म्हणाले. त्यांचा तळवा तिच्या पोटावरच्या जखमेवर दाबलेला होता आणि बोटांमधून रक्त येतच होते.

शनीच्या एका चंद्रावर हा खाणतळ होता. हवा बनवणारे यंत्र बिघडले. मदतीचे यान येईपर्यंत उरलेली हवा एकालाच पुरेल, असा हिशेब तळप्रमुख जांभेकराने केला आणि झोपलेल्या माणसांवर चाकांवरची स्वयंचलित बंदूक सोडली. हे दोघे तेवढे प्रयोगशाळेत निसटले. तिथल्या उंच उंबऱ्यापाशी बंदूक अडली. तेव्हापासून दोघांना अन्नपाणी नव्हते. आज रुबिनाने बाहेर पाऊल टाकले आणि पोटात गोळी खाल्ली.

“प्राणगुटी गिळलीय ना आपण सगळ्यांनी?” ती धापा टाकत म्हणाली. “ती जठरातल्या आम्लावर चालते आणि हृदयाचे ठोके यंत्राला कळवते. ठोके थांबले किंवा आम्ल आटलं, की गुटी गप्प होते आणि यंत्र माणूस मेला असं धरतं. बंदूक जांभेकराची गुटी सोडून प्रत्येक बोलत्या गुटीवर गोळी झाडते. आणि तुमचा अल्सर...”

“तो तरुणपणीच फुटला. औषधांना जंतू दाद देईनात. अर्धं जठर कापलं, आम्ल सोडायला लावणारी नसही तोडली.”

“ते आम्ल पुन्हा आलंच नाही, काका. इतकी वर्षं जेवताना कोकमाचं आंबट आगळ घेता, त्यावर गुटी चालायची. ते सुटलं आणि गुटी गप्प झाली. आता जा, बंदूक बंद करा. पण वाटेत आगळ पिऊ नका हं, जिवंत व्हाल!”

ती हसली. ते हसू तसेच ओठांवर राहिले.

गावडे बंदुकीसमोरून चालत गेले. नळी हललीसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या जांभेकराने आधीच उचलल्या होत्या. फळीवर आगळाची जड काचेची बाटली तेवढी होती; ती त्यांनी उचलली.

नियंत्रणकक्षात जांभेकर पाठमोरा बसला होता. चाहूल लागताच तो वळला.

“तू? तू तर मेलास!”

“झोपलेल्या पोरांना मारलंस रे!” गावड्यांनी बाटली त्याच्या डोक्यात घातली. ती फुटली. जांभेकराने सुरी त्यांच्या खांद्यात खुपसली. गावड्यांनी हातातला काचेचा तुकडा त्याच्या गळ्यात रुतवला आणि तो धडपडायचा थांबेपर्यंत काढला नाही.

मग त्यांनी बंदूक बंद केली.

पडद्यावर अक्षरे उमटली : तळ निर्मनुष्य. हवा बंद.

झरोक्यांची घरघर थांबली; खोलीतली हवा परत टाकीत ओढली जाऊ लागली. गावड्यांनी कळ शोधली नाही. माणसे हवेवरून भांडतील, म्हणून हवेची कळ माणसाच्या हाती ठेवूच नये, बोलत्या गुट्या मोजून यंत्रानेच हवा सोडावी, हा नियम तळ उभारताना त्यांनीच तर केला होता.

“मरू नकोस, मेल्या!” त्यांनी जांभेकराला गदागदा हलवले. मान एका बाजूला लटकली.

श्वास कोंडू लागला. जमिनीवर सगळे लालच लाल होते. आगळ कुठले आणि रक्त कुठले, डोळ्यांना कळेना. गावडे गुडघ्यांवर वाकले आणि जमीन चाटू लागले. खारट लागले. पुन्हा खारट. काचेने जीभ कापली.

मग आंबट लागले.

ते अधाशासारखे चाटत राहिले, गिळत राहिले. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना वर कुठेतरी घरघर सुरू झाली.

पडद्यावर लिहिले होते : जिवंत, एक.