चौथी चिठ्ठी

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे आणि शंभर टक्के खरी आहे. आधीच सांगून टाकते, यात अमावस्या नाही, स्मशान नाही, पांढऱ्या साडीतली बाई तर मुळीच नाही. सगळं संध्याकाळी पाचच्या सुमारास घडलं, चांगली ट्यूबलाइट चालू असताना.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मावशी वाचनालयाच्या एका छोट्या शाखेत काम करते. एक लांब खोली. लोखंडी कपाटं. कोपऱ्यात सिनेमे बघायचा टीव्ही, खिडकीजवळ एक खुर्ची आणि दाराशी मावशीचं टेबल. एकोणीस वर्षं ती त्याच टेबलामागे बसतेय. आलेल्या माणसाचा चेहरा बघून त्याला काय आवडेल ते ती सांगते, आणि कधी म्हणजे कधी चुकत नाही.

पण मुख्य कचेरीने ठरवलं, आता हे काम एक प्रोग्रॅम करणार. कोणी काय वाचावं, बघावं, ऐकावं ते तोच सुचवणार. मावशीची रवानगी तळघरात, फाटकी पुस्तकं शिवायला.

मावशी कडाकडा भांडली. शेवटी मुख्य कचेरीच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं, एक कपाट तुम्ही लावा. बारा गोष्टी. पुस्तकं, सिनेमे, गाणी, गेम, काहीही. विषय एकच, विचार करणारी यंत्रं. महिन्याभरात लोकांनी तुमचं कपाट उचलून धरलं, तर टेबल तुमचं. पण निवड माणसांनीच केलेली हवी. प्रोग्रॅमची मदत घेतलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी तळघर."

मावशीने दोघांना हाताशी धरलं. गाण्यांसाठी शेजारचे रेडिओकाका, जे मेलेले रेडिओ जिवंत करतात. गेमसाठी समोरच्या कॉम्प्युटर क्लासमधली गेमताई. पुस्तकं आणि सिनेमे मावशीकडे.

दर बुधवारी तिघांनी एकेक चिठ्ठी टेबलामागच्या लाकडी पेटीत टाकायची. पेटीच्या फटीवर पत्र्याची झडप होती. चिठ्ठी आत गेली की ती वाजायची... टक्.

चिठ्ठीवर दोनच ओळी. वर वस्तूचं नाव. खाली, 'कोणासाठी'.

"माणूस डोळ्यांसमोर येत नसेल तर निवडूच नका," मावशीने बजावलं. "त्या सुचव्या प्रोग्रॅमला नेमकं तेच जमत नाही."

पहिला बुधवार. टक्. टक्. टक्.

मावशीने पेटी उघडली. एक, दोन, तीन...

चार.

"काका, दोन टाकल्यात का?"

"बाई, एक सुचेपर्यंत माझा चहा थंड झाला. दोन कुठल्या!"

"मग गेमताई, तू?"

"मॅडम, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे बघा किती सुंदर आहे."

खरंच सुंदर होतं. चौथ्या चिठ्ठीवर एका जुन्या सिनेमाचं नाव होतं. घरातली माणसं गेल्यावरही एक यंत्र रोज दोन ताटं वाढत राहतं, असला काहीतरी सिनेमा. मावशीही तो विसरली होती. तो खालच्या कप्प्यात धूळ खात पडला होता.

खालची ओळ होती, 'कोणासाठी: हिरव्या पिशवीवाले आजोबा. खिडकीजवळची खुर्ची.'

असे आजोबा तिथे कधीच येत नव्हते.

मावशीचा संशय सरळ गेमताईवर गेला. प्रोग्रॅम बसवायला तिच्याच क्लासची माणसं आली होती ना! पण सिनेमा मावशीच्या चिठ्ठीपेक्षा सरस होता. तिने स्वतःची चिठ्ठी गुपचूप पर्समध्ये टाकली आणि तो सिनेमा कपाटात लावला.

गुरुवारी साडेचारला दार उघडलं...

आजोबा. हातात हिरवी पिशवी.

काही न विचारता ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. मावशीने तोच सिनेमा लावून दिला. संपला तेव्हा आजोबा डोळे पुसत टेबलाशी आले.

"कोणी निवडलं हो हे?"

मावशीला खरं सांगता आलं असतं.

"मी," ती म्हणाली.

त्याच क्षणी मागे पेटीची झडप वाजली... टक्.

पेटी रिकामी होती.

दुसऱ्या बुधवारी पुन्हा चार चिठ्ठ्या. या वेळी एक गाणं, 'डाव्या हाताला प्लास्टर असलेल्या मुलीसाठी'. ती शनिवारी आली. गाणं ऐकून तिने तीन मैत्रिणींना ओढून आणलं. मावशीचं कपाट भराभर रिकामं होऊ लागलं.

आणि मावशीची झोप उडाली. हे प्रोग्रॅमचं काम निघालं तर तळघर पक्कं!

तिसऱ्या बुधवारी तिने सापळा लावला. प्रोग्रॅमच्या कॉम्प्युटरची वायर काढून पर्समध्ये टाकली. पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. तीन कोऱ्या चिठ्ठ्यांवर आपला गोल शिक्का मारला आणि शिक्काही पर्समध्ये ठेवला. तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या.

"आता हात टेबलावर ठेवा," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी."

"मॅडम, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?" गेमताईचा चेहराच पडला.

"अगं, माझ्यावरही घेतायत," रेडिओकाका म्हणाले. "या वयात कोणीतरी आपल्याला चलाख समजतंय, हे काय कमी आहे?"

कोणीच हसलं नाही.

सहा हात टेबलावर. खोलीत चौथं कोणी नाही. पंख्याची घरघर तेवढी...

टक्.

मावशीने कुलूप काढलं. चार चिठ्ठ्या. चारहींवर शिक्का. तीन सुकलेले.

चौथ्याची शाई तिच्या बोटाला लागली.

रेडिओकाका हळूच म्हणाले, "बाई, सोडा हा नाद."

मावशीने नाही सोडला. त्या आणि चौथ्या बुधवारीही तिने तेच केलं. आपली चिठ्ठी पर्समध्ये, चौथ्या चिठ्ठीवरचं कपाटात.

महिना संपला. मोठ्या बाई रजिस्टर घेऊन आल्या. सगळ्यात जास्त फिरलेल्या चार गोष्टींवर त्यांनी बोट ठेवलं. चारही त्याच.

"प्रोग्रॅमच्या यादीत यातलं एकही नाही. कमाल आहे! कोणी निवडल्या?"

रेडिओकाका जमिनीकडे बघत राहिले. गेमताईने मावशीकडे पाहिलं.

"मी," मावशी म्हणाली.

टेबल वाचलं. सगळे गेले. मावशी दार लावायला उठली, आणि...

टक्.

आत एकच चिठ्ठी होती. तेच सुंदर अक्षर.

'नाव: दाराशी बसणाऱ्या बाई.
कोणासाठी: माझ्यासाठी.'

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः मुख्य कचेरीत गेली. मला तळघरात पाठवा म्हणाली. अक्षरशः हात जोडले. मोठ्या बाई हसल्या. "तुम्हाला हलवू? आता निवृत्तीपर्यंत ते टेबल तुमचंच!"

हे सगळं मावशीनेच मला सांगितलं, एकदाच. नंतर विषय काढला की ती उठून जाते.

गेल्या बुधवारी शाळेतून थेट तिच्याकडे गेले. म्हटलं, "मावशी, मला काहीतरी मस्त दे ना वाचायला!" आधी ती माझा चेहरा निरखायची, नाक मुरडलं तर चिमटा काढायची.

या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

ती पेटीकडे बघत होती. वाट बघत होती...

टक्.

"घे गं," मावशी म्हणाली. "तुझं आलंय."

चिठ्ठी माझ्या कंपासपेटीत आहे. मी अजून उघडलेली नाही.