राबाच्या धुरातली पसंती

"बसायचंय काय?"

रिक्षा माझ्यापाशी येऊन थांबली तेव्हा मी एका झाडाला टेकून उभी होते. आत पिवळा शर्ट, कपाळावर केसांची बट, आणि हसू तर असं की माणसानं उगाच रागवावं.

"नाय," मी म्हटलं. "मोहोर बघतेय. आंब्याचा."

त्यानं मान वाकडी करून वर पाहिलं. "हा मोहाचा झाड हाय."

अरे देवा! झाड कुठलं ते बघायला श्वास होता कुणाकडे? दोन हजार तीन सालचा मार्च. आमच्याकडे तेव्हा राब भाजतात. भाताची रोपं वाढवायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा पसरायचा आणि पेटवून द्यायचा. मग सगळ्या खाचरांवर निळसर धूर तरंगत राहतो, डोंगर अर्धे दिसतात, अर्धे नाहीत. बघणाऱ्याला स्वप्नातच आल्यासारखं वाटतं. मला मात्र सातवीपासून दमा.

मी ओढणीआड दम्याचा पंप ओढला आणि रिक्षात बसले. खर्डीपर्यंत तो आरशातून बघत होता आणि मी बाहेर.

त्याचं नाव हरेश. मी खर्डीला शिवणक्लासला जायची आणि रोज त्याचीच रिक्षा नेमकी आमच्या फाट्यावर रिकामी असायची. योगायोग म्हणे!

"तू एवढं कमी का बोलतेस गो? शब्द महाग झालेत काय?"

"हो."

"बघ. परत एकच."

त्याला काय सांगणार? शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, पंप मारूनही एका श्वासात वाक्य पुरं होत नसेल तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. मी काय केलं? छोटी छोटी वाक्यं बोलायला शिकले! हो, नाय, बघू, चल. डॉक्टरीणबाईंचा नियम मोडायलाच नको. कारण दवाखान्यात गेलं की गावाला कळतं, आणि गावाला कळलं की दमेकरी पोरीला कोण करून घेणार? आईचं तर एकच पालुपद, "सोस जरा, बाय. होईल कमी." मागच्या शिमग्याला असंच सोसत राहिले आणि संध्याकाळपर्यंत नखं निळी पडली. बाबांनी अंधारात उचलून नेलं तेव्हा मला माझे हातही ओळखू येत नव्हते. गावाला सांगितलं, ताप होता.

एका दुपारी हरेशनं ओंजळभर मोहाची फुलं माझ्या पिशवीत ओतली. "मोहोर," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

मी हसले. खूप हसले... आणि हसताना खोकला आला. तो बघत राहिला. त्या दिवशी मला कळलं, हा मला नुसता आवडत नाही, मला हा हवाय. आणि ह्याला कळलं तर हा जाईल.

मग चैत्रात तो आईला घेऊन रीतसर बघायलाच आला.

नेमका त्याच दिवशी शेजारच्या कोंडूकाकांनी राब पेटवला. पाव्हणे ओटीवर बसले आणि धूर खिडकीतून आत. मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा छातीत शिट्ट्या वाजत होत्या. मघाशीच दोनदा पंप मारला होता.

हरेशची आई, गिरजामावशी, प्रेमानं म्हणाल्या, "बस गो. पुरं नाव सांग तुझं."

सगळ्या पोरींना विचारतात तेच.

"समीक्षा..." मी थांबले. "महिपत..."

आडनाव येईना. तीन अक्षरांचं वेखंडे, पण ते ओठांपर्यंत चढेना. छोटी वाक्यं करून करून मी इथवर आले होते, पण नावाचे तुकडे कसे करायचे?

आई मागून कुजबुजली, "सोस जरा. जातील पाव्हणे आता."

मी हरेशकडे पाहिलं. तो लाजून हसत होता, त्याला वाटत होतं मी लाजतेय. गप्प राहिले असते तर कदाचित लग्न ठरलं असतं. पण मला जगायचं होतं हो! त्याच्याबरोबर जमलं तर बरं, नाहीतर नुसतंच.

"मला दमा... आहे," मी म्हटलं. "दवाखान्यात... आत्ता."

आईनं पदर तोंडाला लावला. आणि हरेश? चप्पल न घालताच पळाला. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे बाकीचे उठले.

दवाखान्यात नर्सबाईंनी वाफेचा मास्क लावला. हळूहळू छातीतली शिटी बारीक होत गेली. बऱ्याच वेळानं गिरजामावशी आत आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या.

"तुझ्या आईनं सांगितलं सगळं. लपवायला नको होतं." त्यांनी माझ्या पायावर चादर ओढली. "आमच्याकडे चार राब हायत. वैशाखभर धूर असतो. वैशाखात लगीन नाय जमणार."

झालं. मी डोळे मिटले.

"दिवाळीनंतरच धरू," त्या म्हणाल्या.

"दिवाळी?" दारातून हरेश ओरडला. "अगं आई, आठ महिने?"

"गप रे! पोरीला श्वास घेऊ दे."

त्या बाहेर गेल्या. हरेश स्टूल ओढून बसला. त्याच्या पायाला धूळ, काटे, काय काय लागलेलं.

"मला वाटायचं तुला घमेंड हाय," तो म्हणाला. "म्हणून बोलत नाय."

मी मास्क खाली केला. "हे दर वर्षी होणार, हरेश. कधी सणात, कधी पाव्हण्यांत. मी आता सोसणार नाय. तू मला खूप आवडतोस, तरी नाय."

एवढं मोठं मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. कान लाल झाले होते त्याचे.

"तू नुसतं चल म्हण," तो म्हणाला. "कुठं, ते मी इचारणार नाय."

नर्सबाई ओरडल्या, मास्क लावा आधी! मी लावला, आणि आतल्या आत रडले.