जमलं म्हणेपर्यंत

ही गोष्ट दिवसाढवळ्या घडली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अमावास्या नव्हती, घुबड नव्हतं. दुपारची वेळ होती, आणि पुण्यात दुपारी भुतंसुद्धा वामकुक्षी घेतात.

अनिरुद्ध विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरला तो एक काम उरकायला. काम म्हटलं तर साधं. एका आईला ‘नाही सापडलं’ एवढंच सांगायचं होतं. पण किती दिवस तो ते वाक्य मनातच घोळवत होता.

साल दोन हजार तीन. अनिरुद्ध हिंजवडीच्या एका कंपनीत टेलिफोनवरचे आवाज रेकॉर्ड करायचा. ‘बिलाच्या माहितीसाठी दोन दाबा’ असं गोड बोलणाऱ्या बायका त्याच्यासमोर बसून ते बोलायच्या. या कामाचा पगार त्याच्या वडिलांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांनी तो आकडा परत एकदा विचारून घेतला होता.

ही विद्या तो शिकला विद्यापीठाच्या चित्रवाणी विभागात, आणि खरं सांगायचं तर समाधानकडून. समाधान खडकीचा, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला. वर्गातल्या सगळ्यांना कॅमेऱ्याच्या पुढे नाहीतर मागे मिरवायचं असे. हा आपला कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात. शूटिंग संपलं की तो सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचा आणि खोलीची नुसती शांतता टेपवर घ्यायचा. वाक्यांमधली भोकं बुजवायला ती लागतेच, पण समाधानला तिचं वेडच होतं. “प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते रे,” तो म्हणायचा. “टेप ऐकव, मी खोली सांगतो.” आणि सांगायचासुद्धा! मशीन बंद करून मगच तो म्हणायचा, “जमलं.” तोवर कोणी हलायचं नाही. एकदा खुद्द विभागप्रमुख शिंकले, तर त्यांनाही म्हणाला, “सर, परत पहिल्यापासून.”

असा हा पोरगा पुढे कॉल सेंटरमध्ये लागला, रात्रपाळीला. एका पहाटे कंपनीची गाडी त्याला घेऊन परत येत होती, आणि नगर रस्त्यावर वाघोलीच्या अलीकडे ती उभ्या ट्रकवर जाऊन आदळली. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

विभागातली अशी कोवळ्या वयात गेलेली आणखीही मुलं होती. डेंग्यूने गेलेली नम्रता होती, पानशेतला बुडालेला शुभंकर होता. वर्षातून एकदा त्यांच्यासाठी सगळे जमायचे. आधी भाषणं होत. समाधान गेल्यावर कोणीतरी म्हणालं, भाषणं पुरेत, त्याला आवडायचं तेच करू. तेव्हापासून स्टुडिओत सतरंजीवर बसून सगळे गप्प राहत आणि ती शांतता टेपवर घेतली जाई. श्रद्धांजलीला गप्प बसतात सगळेच, पण त्याचं रेकॉर्डिंग करणारी ही एवढीच मंडळी असावी.

मागच्या वर्षी तिथेच समाधानच्या आईने, ललिताबाईंनी, अनिरुद्धला बाजूला घेतलं होतं.

“फोटो पुष्कळ आहेत रे. पण फोटोत तोंड मिटलेलं असतं. त्याचा आवाज जातोय माझ्या कानातून. आधी ‘आई’ म्हणायचा ते ऐकू यायचं. आता नुसतं आठवतं... ऐकू येत नाही. कुठे असेल तर बघशील?”

अनिरुद्धने विभागातल्या सगळ्या टेपा पालथ्या घातल्या. समाधानने घेतलेले आवाज ढीगभर होते, पण त्याचा स्वतःचा एकही नव्हता. तो खुणेने सुरुवात करायचा आणि ‘जमलं’ म्हणायचा ते मशीन बंद करून! शेवटी ओळखी काढून कॉल सेंटरमधून त्याच्या एका फोनचं रेकॉर्डिंग मिळवलं. घाईघाईत खडकीला जाऊन ऐकवलं. ‘हाय, धिस इज सॅम...’ असं कामापुरत्या नावाने, नाकातून बोललेलं अमेरिकन इंग्रजी. ललिताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “हा माझा नाही.”

त्यानंतर शोधायला काही उरलंच नव्हतं.

त्या दुपारी स्टुडिओत सगळे बसले. पांढरी फुलं वाहून झाली, मेणबत्ती लावली. अनिरुद्धने काचेपलीकडच्या छोट्या खोलीत जाऊन रेकॉर्डचं बटण दाबलं. त्याबरोबर दाराबाहेरचा लाल दिवा लागला, म्हणजे आत कोणी यायचं नाही. जाड गालिचा आणि फोमच्या भिंती. त्या खोलीत जुन्या कापडाचा, तापलेल्या मशीनचा वास भरून राहिलेला असे. पंखा तिथे कधी बसवलाच नव्हता. मोठी चाकं हळूहळू फिरत राहिली, आवाजाची पातळी दाखवणारा काटा तळाशी पडून राहिला. मग बटण बंद झालं आणि मंडळी चहाला गेली. समाधानचे वडील दशरथराव कॉरिडॉरमध्ये थांबले. ललिताबाई मात्र काचेपलीकडच्या खोलीत आल्या आणि तिथल्या करकरणाऱ्या खुर्चीवर बसल्या.

“काकू,” अनिरुद्ध म्हणाला, “नाही सापडलं.”

त्यांनी मान हलवली. जणू ठाऊकच होतं.

“मग आत्ताची ऐकव.”

“त्यात काही नाही, काकू. आपण सगळे गप्पच होतो.”

“हो ना. त्याला तेच आवडायचं.”

त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले, टेप मागे नेली आणि सुरू केली. ललिताबाईंनी डोळे मिटले. काटा तळाशीच होता. अनिरुद्ध खिडकीबाहेरच्या वडाकडे बघत राहिला. एवढ्यात कडेने काहीतरी हललं म्हणून त्याने वळून पाहिलं. काटा उठला होता. माणूस हळू आवाजात बोलतो तेवढाच, आणि पुन्हा निजला.

“बरं,” ललिताबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांचा कंठ दाटला आणि खुर्ची करकरली.

“काय... काय झालं?”

त्यांनी हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. गाल ओले होते, पण चेहरा असा की अनिरुद्धला एकदम वाकून नमस्कार करावासा वाटला.

त्याने टेप पुन्हा लावली. शांतता होती, पण ती या स्टुडिओची नव्हती. पंख्याचं एक पातं सैल होतं, टक... टक... करत होतं. डाळ शिजत होती. लांबवर कारखान्याचा भोंगा झाला. या घरी तो कितीदा जेवला होता! खडकीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. खोली ओळखायला तो समाधानकडूनच शिकला होता. मग अगदी जवळून, हसू दाबल्यासारखा आवाज आला.

“आई, हलू नको गं. जरा वेळ.”

अनिरुद्धच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती नव्हती ती. भीती त्यानंतर आली, कारण टेपवर कोणीतरी उत्तर दिलं.

“बरं.”

दाटलेला कंठ, आणि मागोमाग या खुर्चीची करकर. ललिताबाईंनी तो शब्द आत्ता, इथे, त्याच्यासमोर उच्चारला होता. आणि तेव्हा मशीन नुसतं वाजत होतं. रेकॉर्डच्या बटणाला कोणी बोट लावलं नव्हतं.

तो ‘जमलं’ची वाट बघत राहिला. पंखा टकटकत होता, पण ‘जमलं’ काही आलं नाही. शेवटी त्याने मशीन बंद केलं, चाकं थांबल्याची खात्री केली आणि ललिताबाईंना धरून बाहेर आणलं.

कॉरिडॉरमध्ये दशरथराव ताठ उभे होते.

“मघाशीच आत येत होतो,” ते म्हणाले. “पण दिवा लागलेला. आमच्या फॅक्टरीत लाल दिव्याला आत शिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नसतो. संपलं का रेकॉर्डिंग?”

अनिरुद्धने वर पाहिलं. दिवा लाल होता. दाराच्या काचेतून त्याला मशीन दिसलं. ती मोठी चाकं संथपणे फिरत होती.

तो दाराकडे धावणार, तोच ललिताबाईंनी त्याचा दंड धरला. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं.

“हलू नका,” त्या कुजबुजल्या. “त्याचं व्हायचंय अजून.”

“कुणाचं?” दशरथरावांनी विचारलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

तिघंही जागच्या जागी उभे राहिले. बाहेर चहाच्या कपांचा आवाज थांबला होता. कॉरिडॉरच्या खिडकीतून दिसणारा वड पानसुद्धा हलवत नव्हता. आणि बंद दाराआड, त्या पंखा नसलेल्या खोलीत, एक सैल पातं टकटकत होतं.

आतून अजून कोणी ‘जमलं’ म्हणालं नव्हतं.