पाटवडी कोणाच्या हातची

सोजराची आणि इंद्रभानची पहिली गाठ पडली ती कुंपणाच्या खिंडीत, आणि तीही अशी, की आणखी एक पाऊल पडतं तर अंबाडीची भाजी दोघांच्याही अंगावर गेली असती.

पौषातली संध्याकाळ होती. दुसरबीडच्या मळ्यांवर चुलींचा धूर खाली उतरून बसला होता. नारायणराव माळ्याची लेक सोजरा पदराखाली वाटी झाकून शेजारच्या गोजरबाईकडे निघाली होती. रोजचाच रिवाज होता तो. संध्याकाळी घरात जे शिजेल, त्यातलं वाटीभर इकडून तिकडे जायचं आणि तिकडून इकडे यायचं. गोजरबाई कुंपणापाशी यायची, "ठेव बाई दगडावर" म्हणायची, आणि थंडी नसली तरी उजवा हात पदरात गुंडाळून उभी राहायची. आज तिच्या जागी तिचा मुलगा आला होता.

"मायले ताप हाय," तो म्हणाला. "द्या इकडं."

त्यानं वाटीवरचं झाकण जरासं उचललं, वास घेतला... आणि न राहवून बोलून गेला, "लसूण जळला थोडा."

"वा रे वा! न खाताच समजलं तुमाले?"

"वासावरूनच समजते. पन ज्वारीच्या भरडल्या कन्या टाकल्या ते बरं केलं. आंबटपना बसला चांगला."

"पुरुष मानसाले कन्यांची काऊन एवढी उठाठेव?"

तो एकदम चपापला. मान खाली घालून म्हणाला, "मायजवळ बसून बसून... समजते थोडंफार." आणि वाटी घेऊन असा गेला, जणू कोणी मागे लागलं आहे.

आता, आपल्या भाजीला नाव ठेवणाऱ्या माणसाचा राग यायला हवा. सोजरालाही आला. पण दुसऱ्या दिवशी लसणाची फोडणी देताना तिनं चुलीतलं लाकूड आधी मागं ओढलं, यावरून काय ते समजा.

सोजरा मेहकरकडच्या एका गावात दिलेली होती. नवरा तापानं गेला तेव्हा तिला धड संसार म्हणजे काय तेही कळलं नव्हतं. ती माहेरी परत आली, बापाचा मळा आणि चूल दोन्ही सांभाळू लागली. आई नव्हतीच. त्यांच्या समाजात विधवेचा पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायची रीत होती, आणि नारायणरावही एखादं बरं ठिकाण शोधत होते. तसं ठिकाण मिळालं की आपण जायचं, इतकंच सोजरानं मनाशी धरलं होतं. मन कुठे गुंतवायचं असतं, हे तिनं धरलं नव्हतं.

गोजरबाई आणि इंद्रभान गेल्या वर्षी बाहेरून येऊन शेजारचा मळा करू लागले होते. जातीचेच होते, पण अबोल. गोजरबाई विहिरीवर यायची नाही. आणि विहीर म्हणजे बायकांची कचेरीच! नागपूरच्या सरकारनं कोणता हुकूम काढला हे चावडीवर उशिरा कळायचं, पण कोणाच्या घरी काय शिजलं हे विहिरीवर तेव्हाच्या तेव्हा.

"काय केलं वं आज?" पलीकडच्या मळ्यातली सत्यभामा विचारायची.

"तुरीच्या सोल्याची आमटी. तुह्याकडं?"

"आमच्याकडं काय, बेसनाचं चून आन् भाकर. गोजरबाईनं काय धाडलं तुह्याकडं?"

इथे सोजराचा आवाज आपोआप खुलायचा. गोजरबाईचं भरीत, गोजरबाईची जवसाची चटणी, वांग्यात भरलेलं कारळं... ती सांगत राहायची आणि घागर केव्हाच भरून वाहायला लागायची.

गोजरबाईचा ताप उतरला, पण वाटी घेऊन इंद्रभानच येऊ लागला. बोलणं भाजीचंच असायचं. "आज मीठ कमी हाय," ती म्हणायची. "जास्त पाहिजे तर जास्त टाकू," तो म्हणायचा. "म्हंजे, माय टाकन." ती हसायची. वाटी देता-घेता बोटाला बोट लागलं, की दोघंही कुंपणाच्या बोराटीकडे पाहायची. घरी आल्यावर ती आधी त्या वाटीतलं चाखायची, मग स्वतःचं. आणि एखाद्या दिवशी तो मळ्याला पाणी देण्यात अडकला, वाटी आली नाही, की सोजराला भूकच लागायची नाही. तिला वाटायचं, चटक लागली आपल्याला गोजरबाईच्या हातची. वेडी पोर!

संक्रांतीच्या तोंडावर शेगावचे पाहुणे आले, तेही न कळवता. भगवानराव म्हणून एक बिजवर होता. यात्रेकरूंसाठी त्याची खाणावळ होती. चाळिशीच्या आतला, शांत, भला माणूस. सोबत त्याची थोरली बहीण तानुबाई. सोजराच्या घरात तेव्हा फक्त मुगाची डाळ शिजलेली. तेवढ्यात कुंपणापलीकडून वाटी आली, पाटवडीच्या रश्शाची. नारायणरावांनी इकडे तिकडे पाहिलं नाही, सरळ पाहुण्यांच्या ताटात वाढली.

तानुबाईनं पहिला घास घेतला आणि थांबली. "पोरीच्या हाताले चव हाय हो!"

"हाय तर," नारायणराव म्हणाले. "गाव तारीफ करते आमच्या सोजराची."

सोजरा दारामागे उभी होती. बापाचं बोलणं चारचौघांत खोडायचं कसं? ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यातच तिचं लग्न ठरत आलं. "संक्रांत झाली की येतो, बोली करून टाकू," तानुबाई निघताना म्हणाली. "अशीच पाटवडी कर बाई त्या दिवशी. आमच्या खानावळीचं नाव होईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोजरा कुंपण ओलांडून थेट गोजरबाईच्या घरात गेली. "मावशी, मले पाटवडी शिकवा." असं म्हणत ती आत शिरली आणि दारातच खिळली.

चुलीपुढे इंद्रभान बसला होता. बाह्या वर, कपाळाला बेसन. गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचा उजवा हात मांडीवर लुळा पडलेला होता.

"पाह्यलंच तुनं आता," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. "दोन वर्सं झाली बाई, हातात जीव नाई. सारं हाच करते. तिकडच्या गावात लोकाइनं लय हसू केलं त्याचं, बायको म्हनून नाव ठेवलं. म्हनून तर इकडं आलो. कोनाले सांगू नको वं. समजलं तर पोरगी कोन देईन त्याले?"

भरीत, चटणी, कारळं... इतके दिवस ती ज्याची वाट पाहत होती, ते याच्या हातचं होतं. लसूण जळलेला कळणारा हाच, आणि मीठ वाढवणाराही हाच. तिच्या छातीत काहीतरी एकदम भरून आलं. आणि याच माणसाच्या हातच्या पाटवडीवर तिला शेगावला देणार होते.

तिनं त्याला सगळं सांगितलं.

"भगवानराव चांगला मानूस हाय," तो म्हणाला. "शेगावले पाटवडी बिघडली तर तुमाले बोलतीन. बसा, दाखवतो."

ती बसली. त्यानं फोडणीच्या पाण्यात बेसन ओतलं, गुठळी न होऊ देता घोटलं, आणि तेल लावलेल्या ताटावर तो गोळा टाकला. "आता थापा. निवायच्या आत. निवलं का भेगा पडते."

"हात भाजते की!"

"भाजते. पानी लावा हाताले."

तिनं थापलं, हात मागे घेतला, पुन्हा थापलं. त्यानं न बोलता स्वतःचा ओला तळवा तिच्या बोटांशेजारी ठेवून कड सारखी केली. वर खोबरं पेरलं. सुरीनं वड्या पाडल्या. एकही तुटली नाही.

"झालं," तो म्हणाला. "शिकल्या तुमी."

"काऊन शिकवलं एवढं चांगलं? थोडं वाईट शिकवलं असतं तर..."

"मले वाईट शिकवता येत नाई."

"आन् मले जाता येत नाई," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गोजरबाई बघत होती. तो चुलीतली राख उगाचच सारखी करत होता. सोजरा उठली आणि घरी आली.

पुढचे दिवस वाटी आली ती गोजरबाईच्या डाव्या हातून. इंद्रभान कुंपणाकडे फिरकला नाही. विहिरीवर बायकांनी तिला चिडवून चिडवून हैराण केलं, शेगावची शेठाणी म्हणाल्या. ती हसायची आणि रात्री अन्नाला नुसता हात लावून उठायची.

बोलीच्या दिवशी नारायणरावांनी शेजारपाजारच्या चार माणसांना पंगतीला बोलावलं. गावातले रंगराव होते, आणि शेजारी म्हणून इंद्रभानही. सोजरानं पाटवडी केली, आणि ती तशीच झाली, अगदी तशी. वाढताना ती इंद्रभानच्या ताटापाशी आली. त्यानं एक घास खाल्ला. मान वर केली नाही, पण डोळे भरले होते ते तिनं पाहिलं.

"तीच चव!" तानुबाई खूश झाली.

"लहानपनापासून करते हे ती," नारायणराव म्हणाले.

सोजरानं रश्शाचं भांडं खाली ठेवलं. "आजची म्या केली, आत्याबाई. त्या दिवशीची माही नव्हती."

पंगत थांबली. "मंग कोनाची?" तानुबाईनं विचारलं.

बापाचं तोंड उतरलं होतं, रंगराव कुजबुजत होते, पोरगी खोटी निघाली असं तानुबाईच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. तरी ती बोलली नाही. नाव सांगायचं नाही हे तिनं ठरवलं होतं, मग तिचं काहीही होवो.

"माही होती," इंद्रभान म्हणाला.

"तुह्या मायची?" रंगरावांनी विचारलं.

"मायचा हात गेला हाय. माहीच. रोजचा सैपाक म्याच करतो."

आधी रंगराव हसले, मग सगळेच. "हा बे चुलीपाशी बसते! बांगड्या आनू काय तुले?" इंद्रभानचे कान लाल झाले, पण तो ताटावरून उठला नाही. एवढं सगळं त्यानं तिला खोटी ठरू न देण्यासाठी अंगावर घेतलं होतं, आणि ते पंगतीत दोनच माणसांना कळलं. एक सोजरा. दुसरे भगवानराव.

भगवानराव हसले नव्हते. "आमच्या खानावळीत चार आचारी हायेत, चारी पुरुष," ते म्हणाले. "त्याइले तर कोनी हसत नाई." मग जेवण पुरं करून, हात धुऊन त्यांनी नारायणरावांना बाजूला घेतलं. "पोरगी गुनाची हाय, दादा. पन वाढताना तिचे डोये कोनाच्या ताटावर होते ते म्या पाह्यलं. मन दुसरीकडं ठेवून आलेली बायको मले नको." आणि तानुबाईला घेऊन ते निघाले, रागवून नाही.

सगळे गेले. नारायणराव बांधावर जाऊन बसले ते उन्हं कलली तरी उठेनात. सोजरा भीत भीत त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"गावात तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तुनं," ते म्हणाले. मग वाफ्यातलं ढेकूळ उगाच फोडत राहिले. "पन त्यानं तुले एकटं पडू देलं नाई. जाय. दिवेलागनीच्या आत परत ये. उद्या मी जातो गोजरबाईकडं."

सोजरा पळाली नाही, पण चाललीही नाही.

इंद्रभान चुलीपाशी बसला होता. तिला पाहून उठू लागला. "बसा," ती म्हणाली. "पाटाचं विचारायले मानूस येते, बाई जात नाई, हे मले समजते. पन तुमी तर येनार नाई. म्हनून मी आली. मले तुमी पाहिजे."

"हसतीन वो लोक. जनमभर हसतीन. मले सवय हाय, पन तुमाले..."

"मले बी होईन."

तो तिच्याकडे पाहत राहिला. पहिल्यांदाच, कुंपणाकडे नाही, वाटीकडे नाही, सरळ तिच्याकडे. गोजरबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डाव्या हातानं डोळे पुसले.

"सकायपासून काही खाल्लं काय तुनं?" त्यानं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं तव्यावरची गरम भाकरी उतरवली, ताट मांडलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"जेव आधी," तो म्हणाला.