फोडणीआधी टकटक

जळगावहून भडगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारच्या खिडकीपाशी एक तुळतुळीत डोकं बसलं होतं. तोंडावर पांढरा रुमाल, भुवया जेमतेम, आणि मांडीवर स्टीलचा डबा, तान्ह्या बाळासारखा जपून धरलेला. डोळे मात्र... कसं सांगू, मागच्या बाकावर बसणाऱ्या खोडकर मुलाचे.

मी धुळ्याची. उन्हाळ्याचे पापड-बिबडे करायला मंजुळाकाकूंनी मला महिनाभरासाठी बोलावून घेतलं होतं. आठवडाभर राहून, जळगावचं लग्न उरकून आम्ही दोघी त्यांच्या घरी निघालो होतो. काकूंनी माझ्यावरून वाकून पाहिलं.

"अभिमन? आमच्या शेजारच्या हिलाल आबांचा ना तू?"

त्याने रुमाल खाली सरकवून मान हलवली. काकूंनी त्याचं डोकं पाहिलं, मिशीची रिकामी जागा पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"अरे देवा. कधी गेले रे आबा?"

तो दोन्ही हात हलवून काही सांगू लागला, पण कळ आल्यासारखा गाल धरून गप्प झाला.

"नको बोलू बाबा. समजलं मला. रडून घे."

त्याने रुमाल पुन्हा तोंडावर ओढला, खांदे गदागदा हलत होते. काकूंना ते हुंदके वाटले. त्याची नजर माझ्याकडे वळली — आणि मी ओढणी तोंडात कोंबली. तो चक्क हसत होता.

संध्याकाळी गल्लीतल्या साऱ्या बायका काकूंच्या मागे आबांच्या ओट्यावर. काकूंनी गळा काढला. दार उघडलं, आणि हातात चहाची बशी घेऊन खुद्द आबा बाहेर आले.

"कोन मरनं व मंजुळाबाई?"

काकूंचं बोट त्यांच्याकडेच वळलं.

"मी मरनू? आन माले कोनी सांगंबी नही?"

मग अभिमनच्या आईने, तानुबाईंनी, दारातूनच सांगितलं. दीपनगरला नोकरीवर असताना त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध आता जळगावला सलाईनमधून चढतं. त्यानेच केस गेले, तोंड आलं, पांढऱ्या पेशी उतरल्या. म्हणून घरात गर्दी चालत नाही. बायका चपला शोधत निघाल्या. काकू इतक्या ओशाळल्या की दुसऱ्या दिवसापासून खराटा घेऊन त्या ओट्यावर स्वतःच बसल्या. भेटायला येणाऱ्याला तिथूनच परत. आबांच्या सख्ख्या मेहुण्यालाही.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अभिमनच्या खोलीसमोर. मी लसणाची फोडणी घातली की पलीकडे डब्याचं झाकण खणकन उघडायचं... पुढच्या उलट्या ऐकवत नसत. म्हणून मी फोडणीआधी पळीने भिंतीवर टकटक करू लागले. टकटक झाली की तो खिडकी लावायचा आणि धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, जायचा. आमची धाबी लागून होती. मी बिबडे वाळत घालायला वर, तो वासापासून पळून वर. मधे हातभर कठडा.

"तुमच्याकडे मग गेलं तरी कोण?" मी एकदा विचारलं.

"केस." जपून, हळू बोलायचा. "मागोमाग मिशी. दोघांचा फार जीव होता एकमेकांवर."

हसणं सोपं होतं, खाणं अवघड. तोंडभर फोड. मिठाच्या पाण्याने गुळण्या करून करून बिचारा समुद्र झाला होता. भाकरी टोचायची, वरण झोंबायचं. पुढच्या सलाईनपर्यंत वजन आणखी उतरलं तर औषध लांबेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. राहिलं होतं ते शेवटचंच. आणि अभिमनने घरात सांगून टाकलं होतं, मी जाणार नाही.

बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजत होता. लसूण, मिरची पडायच्या आधीच मी वाटीभर बाजूला काढला, कोमट होऊ दिला, आणि कठड्यावर ठेवला.

त्याने चमचा तोंडात घेतला. मी श्वास धरला.

"झोंबलं?"

"नाही." दुसरा चमचा. "अळणी आहे."

"मीठ घातलंय. तुमच्या जिभेचं लक्ष नाही."

"जिभेचं असेल हो... माझंच नाही."

मी उगाच बिबडे उलटवू लागले, ओलेच. तीन फाटले.

त्यानंतर दर थोड्या वेळाने वाटी कठड्यावर. एकदम खाल्लं तर उलटायचं, म्हणून चार-चार घास. कधी घाटा, कधी मऊ भात ताकात कालवून. काकू म्हणाल्या, "यंदा बिबडे इतके कमी कसे झाले व?" मी कावळ्यांवर ढकललं.

"आज टकटक झाली," तो एकदा म्हणाला, "पण फोडणी आलीच नाही."

"तेल संपलं."

"काल पण?"

मी वाटी पुढे सरकवली. खाली काकू खराट्याने कुणाला तरी हाकलत होत्या.

"कुंदा," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. "पुन्हा ती सलाईन, पुन्हा तो डबा... थकलो गं. नाही जात."

"नका जाऊ. मी उद्यापासून न सांगता ठेच्याच्या मिरच्या भाजते. तिन्ही त्रिकाळ."

"ही धमकी झाली."

"हो."

"आणि गेलो तर?"

"तर... वाट बघेन." शब्द निसटला तसा मी पदर नसताना पदर सावरला.

तो गेला. वजन उतरलं नव्हतं, चिमूटभर वाढलंच होतं. आठवडाभर त्याने पुन्हा डबा उराशी धरला, मी पुन्हा वाट्या. माझा महिना कधीच संपला होता. पुढे तपासणी झाली, रक्त स्वच्छ निघालं. गोळ्या आणि जळगावच्या फेऱ्या तेवढ्या चालू राहणार होत्या. डोक्यावर लव उगवली, तीही कुरळी. आबा म्हणाले, असे केस आमच्या खानदानात कोणाचेच नाहीत.

मग एका सकाळी आबा स्वतः काकूंच्या ओट्यावर आले. धुळ्याहून माझे वडील आलेले. काकू खराटा लपवायला जागा शोधत होत्या.

"तुनी काकूनी माले मारं," आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मना आंडोरले, मना अभिमनले, जगाडं. आते आमना घर चाल."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात पळाले. चूल पेटलेली, कढईत तेल तापलेलं, हात सवयीने पळीकडे गेला. टकटक.

मी थांबले. खिडकी लागल्याचा आवाज आला नाही. पावलं धाब्याकडे गेली नाहीत.

पलीकडून, रिकाम्या ताटावर, चमच्याची टकटक आली.